कॅनडातली सोयूल

चष्म्याच्या दुकानात काम करायचं म्हणजे लोकांच्या तोंडाजवळ तोंड न्यावं लागतं. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, चौकट नाकावर नीट बसते का ते बघायचं. अशा वेळी गिऱ्हाईक अवघडतं, छताकडे बघतं, श्वास रोखून धरतं. दाओनला याची सवय होती. कोरियातल्या चॉन्गजू शहरातल्या त्या दुकानात ती शिक्षण संपल्यापासून काम करत होती. पण त्या दुपारी समोर बसलेली पन्नाशीची बाई अवघडली नाही. ती दाओनकडे टक लावून बघत राहिली आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई! सोयूल तू? कधी आलीस?"

"नाही हो मावशी, मी दाओन. ही बघा नावाची पट्टी."

"चल, चावटपणा पुरे. या मावशीला फसवतेस? गुन्सानच्या बाजारात तुझ्या आईच्या दुकानाला लागून माझं सुक्या मासळीचं दुकान आहे. इथे बहिणीकडे आलेय मी. आईला कळवलंस का आल्याचं? की कॅनडाहून परस्पर कुणा पोराला भेटायला आलीयस?"

दाओन हसली. एकसारखी दिसणारी माणसं जगात असतातच. पण बाईने पिशवीतून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला.

"ही कोण मग? तू नाहीस?"

फोटोत दाओन होती. तिचा हिरवा स्वेटर होता, लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचा डाव्या भुवईतला व्रण होता. खाली लिहिलं होतं, 'माझी सोयूल. तिकडे बर्फ पडायला लागलाय म्हणे.'

"आणि पोट कसंय आता?" बाईचं चालूच होतं. "तुझं ऑपरेशन झालं तेव्हा आई नुसती रडत होती. दुकान टाकून जाता येईना बिचारीला. मी रोज पहाटेच्या प्रार्थनेला तुझं नाव घेत होते, माहितीये?"

दाओनचा हात आपोआप पोटाकडे गेला. अपेंडिक्सचं ऑपरेशन तिचं झालं होतं, गेल्या हिवाळ्यात, याच शहरात. कॅनडा तिने नकाशातसुद्धा कधी धड पाहिला नव्हता.

"मावशी, हे खातं कुणाचं आहे?"

तिचा आवाज ऐकून बाई जराशी मागे सरली. नाकावरच्या नव्या काचांतून तिने छातीवरची पट्टी पहिल्यांदा नीट वाचली. 'प्यो दाओन.' मग फोटो, मग पुन्हा चेहरा.

"म्हणजे तू... मग ती कोण?" असं पुटपुटत तिने चष्मा काढून ठेवला. तो न घेताच ती उठली आणि दाराबाहेर जाईपर्यंत पाठमोरी झाली नाही.

काचा घासायच्या मशीनमागे एक चिंचोळी खोली होती. दाओन तिथे जाऊन बसली आणि मावशीच्या मोबाइलवर फोटोजवळ दिसलेलं नाव शोधून तिने ते खातं उघडलं. ओक मिह्यांग नावाच्या बाईचं. बाईचा स्वतःचा फोटो कुठेच नव्हता. सगळीकडे दाओन होती. पदवीच्या झग्यातली दाओन, शाळेच्या गणवेशातली, दात पडलेली, गाजराचा तुकडा चोखणारी. खाली खाली जावं तशी ती लहान होत गेली. प्रत्येक फोटोखाली एक गोष्ट होती, आणि त्यातली एकही तिची नव्हती. सोयूलला गणितात बक्षीस मिळालं. सोयूल आजीकडे राजधानीला, सोलला शिकायला गेली. सोयूलला समुद्राची भीती वाटते. बाजारातल्या बायकांनी कौतुकाने लिहिलं होतं, 'आईच्या वळणावर गेलीय', 'जिवणी तर थेट मिह्यांगची.'

ती बाहेर आली तेव्हा दुकानातल्या सगळ्या आरशांत तिची जिवणी होती. ती आपली आहे की कुणाची, हे बघायला ती एका आरशापुढे थांबली, आणि थांबली म्हणून स्वतःवरच चिडली.

तेवढ्यात तिच्या लक्षात एक गोष्ट आली. त्या खात्यावर ऑपरेशनचाही फोटो होता. सुजलेलं तोंड, हाताला नळी. तो तिने मैत्रिणींना पाठवला नव्हता, कुठे टाकलाही नव्हता. 'मी बरी आहे' यावर विश्वासच ठेवेना, म्हणून तिने तो एकाच माणसाला पाठवला होता. आईला.

आई देजॉनला राहायची. बाबा उल्सानच्या जहाजांच्या कारखान्यात, सणासुदीला घरी येणारे. दाओन लहान असताना आई इंटरनेटवर तिच्याबद्दल लिहायची. दाओनचं घरातलं नाव बामतोल, म्हणजे सोललेल्या चेस्टनटसारखी गोटी. बामतोलने काय खाल्लं, बामतोलला गोवर कसा आला, बामतोल शाळेत का रडली. देशभरातल्या आया ते वाचायच्या. रस्त्यात अनोळखी बायका दाओनचे गाल ओढायच्या. तिची पाळी सुरू झाली त्या दिवशी आईने केक आणला, फोटो काढला आणि तोही टाकला, 'आज माझी बामतोल मोठी झाली.' तो फोटो वर्गातल्या मुलांच्या हाती लागला. दाओन कित्येक दिवस शाळेत गेली नाही. तेव्हा, पंधराव्या वर्षी, तिने आईला सगळं बंद करायला लावलं होतं. आईने रडत रडत, पण केलं होतं.

निदान दाओन इतकी वर्षं तसं समजत होती.

ती देजॉनला घरी पोचली तेव्हा आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सोयाबीनच्या मोडांची शेपटं खुडत बसली होती.

"अगोबाई, फोन तरी करायचा! जेवलीस?"

"आई, गुन्सानची मिह्यांग कोण?"

आईचे हात थांबले. 'कोण मिह्यांग?' असं तिने विचारलं नाही. तेवढ्यावरून दाओनला सगळं कळलं.

"तुला कुणी सांगितलं?" आई म्हणाली.

"कोण आहे ती?"

आईने मोड बाजूला सारले. मग मान खाली घालूनच बोलू लागली. लिखाण बंद झालं तेव्हा पुष्कळ बायकांनी 'बामतोल कशी आहे' म्हणून विचारलं. हळूहळू सगळ्या विसरल्या. ही एक विसरेना. रोज मेसेज करायची. शेवटी एक दिवस तिने खरं सांगितलं. तिची मुलगी सोयूल, दाओनच्याच वयाची. पाच वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि गेली. पुढे नवराही सोडून गेला. ही गुन्सानला आली, तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. बाजारात कुणी विचारलं, मुलंबाळं किती? हिच्या तोंडून निघून गेलं, एक मुलगी आहे. दाखव की फोटो, असं म्हटल्यावर हिने बामतोलचा दाखवला.

"आणि तू पोलिसांत गेली नाहीस."

"जाणारच होते. आधी तिला चांगलं झापावं म्हणून गुन्सानला गेले. तिने मला जेवायला वाढलं. म्हणाली, 'बामतोलच्या आई, तुमचे फोटो थांबले तर माझी पोर परत वाढायची थांबेल.' मग मी पाठवत राहिले. मी पण आई आहे गं. काय करायला हवं होतं मी?"

"मला विचारायला हवं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो! नाहीच म्हणाले असते!"

"मग? एका फोटोने तुझं काय झिजलं? तिला जगायला आधार झाला..."

"मला नळ्या लावल्या होत्या आई. तोंड सुजलं होतं. तो फोटो मी तुला पाठवला होता. तुला!"

आईने मोड पुन्हा पुढ्यात ओढले आणि दाओनकडे न बघता ती म्हणाली, "तुला काय माहीत, घर किती शांत झालं होतं ते. रोज शंभर बायका माझ्याशी बोलायच्या, त्या एकदम गेल्या. बाबा तिकडे. तू दार लावून बसायचीस. जगात एकच बाई उरली होती जी माझी वाट बघायची. तुझ्या फोटोंची म्हण हवं तर. मला माझीच वाटायची."

दाओन उठली आणि दारातल्या चपला पायात सरकवून निघाली. आई मागून म्हणाली, "दोन घास तरी खाऊन जा." ते तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्या आठवड्याच्या सुट्टीला ती गुन्सानला गेली. बाजारात शिरण्याआधी तिने टोपी आणि मास्क चढवला. स्वतःच्याच चेहऱ्याने ओळखलं जाऊ नये म्हणून तोंड लपवावं लागतंय, याचं तिला हसूही येईना. सुक्या मासळीच्या दुकानावर सुदैवाने दुसरंच कुणी बसलं होतं. शेजारी सोया सॉसमध्ये मुरवलेल्या खेकड्यांच्या बरण्या मांडलेल्या होत्या. त्यांच्यामागे रबरी हातमोजे घातलेली, हडकुळी, लहानखुरी बाई खेकडे घासत होती.

तिने मान वर केली. मास्क असूनही एका क्षणात ओळखलं. दचकली मात्र नाही.

"आलीस?" ती म्हणाली. "जेवलीस का?"

दुकानामागे तिची खोली होती. गादीची घडी, भाताचा कुकर आणि भिंतीवर वयाच्या क्रमाने लावलेली दाओन. दाओन दारातच उभी राहिली.

"मला हे सगळं पुसून पाहिजे," ती म्हणाली. "खातंपण. आजच्या आज."

"पुसते," मिह्यांग लगेच म्हणाली. वाद घातला नाही, रडली नाही. "तुझा हक्कच आहे. फक्त थोडे दिवस दे. लोकांना काय सांगायचं ते ठरवू दे."

"खरं ते सांगा. तुमच्या मुलीचा फोटो लावा, तिचा."

मिह्यांगने हातमोजे काढले आणि मांडीवर नीट एकावर एक ठेवले. "तिचा चेहरा मला आठवत नाही गं. डोळे मिटले की तू येतेस. आधी तिचे डोळे गेले, मग हसणं गेलं. वाटायचं, आवाज तरी उरलाय. मघाशी तू बोललीस ना," आणि तिने पहिल्यांदा दाओनकडे सरळ पाहिलं, "मला वाटलं, हाच तो."

यापुढे दाओन एक शब्दही बोलली नाही. तिला तिथे आवाजसुद्धा मागे ठेवून यायचं नव्हतं. नुसती मान हलवून ती बाहेर पडली, आणि बस सुटेपर्यंत तिने ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

पुढचे काही दिवस ती रोज बघायची. खातं तसंच होतं. तिने ठरवलं, रविवारपर्यंत वाट बघायची, नाहीतर पोलीस. रविवार उजाडायच्या आधीच, दुकानात एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू पिळत असताना आईचा फोन आला. दाओनने उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा. शेवटी तिने कानाला लावला.

"बोल," आई म्हणाली. ती धापा टाकत होती. "काहीतरी बोल. नुसतं हो म्हण."

"काय झालं?"

"तू कुठेयस? दुकानातच आहेस ना? माझ्याशी बोलत राहा, ठेवू नकोस." आणि मग ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "मला माहीत होतं गं तू आहेस म्हणून. मला माहीत असूनही..."

मिह्यांगने लोकांना काय सांगायचं ते ठरवलं होतं. खात्यावर दाओनचा हसरा फोटो होता. चौकटीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून काळी फीत उतरलेली, खाली पांढरी शेवंती. 'माझी सोयूल परदेशात अपघातात गेली. तिथेच अग्नी दिला.' खाली शोकाचे संदेश येत होते, दाओन वाचत असतानाही वाढत होते. 'एवढं गोड पोर.' 'देवाला काही दया?' कुणा बाईने विचारलं होतं, 'ही ती बामतोल तर नव्हे?' आणि मग जुन्या बायका, दाओनचा गोवर आणि पहिली पावलं वाचलेल्या, कुठून कुठून जमा झाल्या होत्या. दाओनच्या शाळेतल्या एका मुलीनेही मेणबत्तीचं चित्र टाकलं होतं. तिनेच दाओनच्या आईला फोन करून 'वाईट झालं हो' म्हटलं होतं.

म्हातारा म्हणाला, "पोरी, स्क्रू खाली पडला."

दाओनने मालकांना 'घरी मयत झालीय' असं सांगितलं. दुसरं काय सांगायचं तिला सुचलं नाही.

गुन्सानच्या बसथांब्यावर आई आधीच येऊन उभी होती. दाओन दिसताच तिने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळ चाचपलं, गाल चाचपले. दाओनने तिला करू दिलं. मग दोघी निघाल्या. आई दोन पावलं मागून चालत राहिली.

दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, पण मागचं दार उघडं होतं. आत बाजारातल्या बायका खेटून बसल्या होत्या. कुणीतरी तिखटजाळ रस्सा करून आणला होता, उदबत्तीचा धूर कोंडला होता. काळ्या कपड्यांत, केसांना पांढरी फीत लावून मिह्यांग भिंतीला टेकून बसली होती. तिच्या शेजारी छोट्या मेजावर दाओनचा तोच फोटो होता.

दाओनने दारात टोपी काढली, मास्क काढला.

एका बाईच्या हातातला वाडगा सुटला. कुणी किंचाळलं, कुणी देवाचं नाव घेतलं. सुक्या मासळीवाली मावशी तर उठून भिंतीला चिकटली. "हीच ती," ती कुजबुजली, "चष्म्याच्या दुकानातली. मी तेव्हाच म्हटलं होतं..." पण काय म्हटलं होतं ते तिला पुढे बोलता येईना.

मिह्यांगने मात्र वर पाहिलं आणि तिचं तोंड असं उजळलं की दाओनला तिथून पळून जावंसं वाटलं. फसवणारी बाई असती तर घाबरली असती. ही घाबरली नाही. तिने जागा करून दिली, शेजारची उशी थोपटली आणि म्हणाली, "आलीस? दमली असशील."

दाओन वाटेत पुष्कळ काही बोलायचं ठरवून आली होती. पोलीस, कायदा, लाज नाही का वाटत. ते सगळं तिने बाजूला ठेवलं. ती मिह्यांगसमोर गुडघे टेकून बसली.

"मावशी, माझं नाव दाओन. माझी आई ती दारात उभी आहे. सोयूल पाच वर्षांची होती. तिला ताप आला होता. ती गेली, फार पूर्वी गेली. कॅनडाला कुणी गेलं नव्हतं."

मिह्यांगच्या चेहऱ्यावरचा उजेड लगेच गेला नाही, हळूहळू गेला. मग तिच्या पोटातून एक आवाज निघाला. त्या बायकांनी आयुष्यात बरीच रडणी ऐकली होती, पण नंतर त्या सांगायच्या, तसं कधी ऐकलं नाही. वीस वर्षं ज्याला वाट मिळाली नव्हती ते रडणं होतं.

सर्वांत म्हातारी होती ती समुद्री शेवाळ विकणारी आजी. ती सरकत पुढे आली. तिने दाओनचा फोटो मेजावरून उचलला, उलटा केला आणि दाओनच्या आईच्या हातात दिला. "घे तुझं तू," ती म्हणाली. मग मिह्यांगकडे वळून, "आणि तुझी कुठेय? काढ. एवढी माणसं बसलीत, कुणाला म्हणून रडायचं?"

मिह्यांगने रजयांच्या तळातून एक पाकीट काढलं. बालवाडीतला फोटो होता. बारीक डोळ्यांची, मोठ्या कपाळाची, कान बाहेर आलेली मुलगी. कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी. दाओनसारखं तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. मिह्यांगने तो किती तरी वेळ हातात धरला, शेजाऱ्याचं मूल बघावं तसा. मग तिने अंगठ्याने त्या मुलीच्या कानाची कड हळूच पुसली. "हो," ती म्हणाली. "कान असेच होते. आंघोळीला फार त्रास द्यायची."

बायकांनी तो फोटो मेजावर ठेवला आणि नवीन उदबत्ती लावली.

त्याच संध्याकाळी सुक्या मासळीवाल्या मावशीने मिह्यांगच्या शेजारी बसून ते खातं बंद करून दिलं. काही बायकांनी पुढे मिह्यांगशी बोलणं टाकलं. एक-दोघींनी तोंडावर खोटारडी म्हटलं. आजी मात्र रोज तिच्या दुकानात येऊन बसायची आणि सोयूलची एखादी गोष्ट विचारायची. जे आठवेल ते मिह्यांग सांगायची, आणि आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' म्हणायची.

आईला माफ करायला दाओनला वेळ लागला, आणि ते पुरतं झालंय की नाही हे तिला आजही माहीत नाही. ती आईला भेटते, तिच्याबरोबर जेवते. फोटो मात्र पाठवत नाही. आई विचारतही नाही. कधी कधी ताटावरून मान वर करून नुसती बघत बसते, चेहरा पाठ करून ठेवत असल्यासारखी.

काळ्या फितीचा फोटो खात्यावरून गेला, तरी जगातून गेला नाही. कुणी कुणी तो आधीच उतरवून घेतला होता, पुढे धाडला होता, 'गेलेली बामतोल' म्हणून गाणं लावून फिरवला होता. दाओनने तक्रारी केल्या. एका ठिकाणचा काढला की दुसरीकडे वर यायचा. एका कंपनीने तिच्याकडे ती जिवंत असल्याचा पुरावा मागितला. चेहऱ्याचा ताजा फोटो पाठवा, असं लिहिलं होतं. तिने पाठवला नाही.

परवा बाजारात रस्ता ओलांडताना समोरून येणारी एक अनोळखी बाई मध्येच थबकली. तिने दाओनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मयताच्या फोटोपुढे करतात तशी, दोन्ही हात पोटाशी जोडून, खाली वाकली. सिग्नल बदलायला आला होता. दाओनला काय करावं ते कळेना. ती बाई वर होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.